बुटकी गाडी

गाडी चांगली होती, याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. वजनकाट्यावरच्या कारकुनाला ती आवडली होती, शेतकी अधिकाऱ्यांनी तिची पाठ थोपटली होती, संचालक मंडळाच्या उपसमितीने तर चहाफराळ आटोपून तिला एकमताने पसंती दिली होती. ज्यांच्यासाठी ती बनवली होती, त्या ऊसतोडीच्या गाडीवानांनीही माना डोलावल्या होत्या. आणि तरीही ती परत येत होती. नबीलाल मोमीन सकाळी कारखान्याच्या गाडीतळावर येत, तेव्हा तारेच्या कुंपणाशी आपली आणखी एखादी निळी गाडी जू जमिनीला टेकवून उभी असलेली त्यांना दिसे. शाळेतून न सांगता घरी परतलेल्या मुलाकडे बाप पाहतो तसे ते तिच्याकडे पाहत. रागवावे की कपाळाला हात लावून ताप पाहावा, हे त्यांना उमजत नसे.

नबीलाल मूळचे भिंगारचे. वडील मागावर लुगडी विणत. घरातल्या जमिनीत मागाचा खड्डा होता आणि त्यात पाय सोडून दिवसभर बसणाऱ्या वडिलांची पाठ संध्याकाळी सरळ होत नसे. तंत्रशाळेत शिकत असताना नबीलालांनी त्या खड्ड्याच्या काठाला, पाठ टेकता यावी म्हणून, एक तिरकी फळी बसवून दिली. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या डोक्याने केलेली ती पहिली वस्तू. वडिलांनी तिचे तोंडभर कौतुक केले, शेजारच्या विणकरांना बोलावून ती दाखवली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर सुताच्या लडी ठेवायला सुरुवात केली. पाठ पूर्वीसारखीच दुखत राहिली. फळी मात्र फार सोयीची आहे, असे ते अखेरपर्यंत सांगत. या घटनेतून काय शिकायचे ते नबीलालांना तेव्हा कळले नाही, आणि पुढे शिकवायला कोणी भेटलेही नाही.

कारण पुढची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी छावणीतल्या लष्करी वाहनांच्या एका कर्मशाळेत नकाशे काढण्यात घालवली. तेथे वस्तू कशी असावी हे वरून ठरून येई, आणि जो शिपाई ती वापरी त्याला ती नाकारण्याची सोय नसे. बैठक टोचते म्हणून कोणी ट्रक परत करून गेला, असे नबीलालांनी कधी पाहिले नव्हते. मापे बरोबर असली की वस्तू बरोबर असते, ही त्यांची श्रद्धा तेथेच पक्की झाली. अशा श्रद्धेने माणूस सरकारी नोकरीत सुखाने निवृत्त होऊ शकतो. परंतु राहात्याच्या बाजूला एका साखर कारखान्याला कर्मशाळेसाठी पर्यवेक्षक हवा होता, राहायला खोली मिळणार होती, आणि नबीलालांना एकदा तरी स्वतःच्या मनाची वस्तू करून पाहायची होती. बायकामुलांना भिंगारला ठेवून ते तिकडे गेले. आठवड्याच्या सुटीला एस.टी.ने राहुरीवरून घरी यावे आणि दुसऱ्या दिवशी परतावे, असा क्रम सुरू झाला.

गाडीची कल्पना एका अपघातातून निघाली. कारखान्याच्या जुन्या गाड्या टायरच्याच असत, पण त्यांची साटी, म्हणजे ऊस रचायचा सपाट भाग, बाईच्या छातीला लागेल इतकी उंच होती. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन बाया एका अरुंद फळीवरून वर चढत. एके दिवशी नबीलालांच्या डोळ्यांदेखत एक बाई त्या फळीवरून मोळीसकट खाली आली. ती उठली, तिने पदर सावरला, मोळी पुन्हा डोक्यावर घेतली आणि ती पुन्हा त्याच फळीवर चढली. भोवतीचे आपापल्या मोळ्यांकडे वळले. नबीलालांना मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही.

त्यांनी पावसाळाभर काम केले. प्रत्येक जुनी गाडी मोजली. तिच्या लाकडांवरच्या झिजेचा अभ्यास केला, कारण लाकूड कोठे झिजते यावरून माणूस वस्तू कशी वापरतो ते कळते, असे ते म्हणत. साटीखालच्या मागच्या आडव्या लाकडावर त्यांना दोराने घासून पडलेल्या दोन खाचा आढळल्या. प्रत्येक गाडीला, जवळजवळ त्याच जागी. ऊस आवळायचा दोर तेथे घासत असणार, असा त्यांनी तर्क केला आणि नव्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यांवर त्या दोरासाठी दोन भक्कम लोखंडी कड्या दिल्या. झीज अचूक हेरल्याचा त्यांना अभिमान वाटला. आस, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, मधोमध खाली वाकवून त्यांनी साटी थेट गुडघ्याच्या उंचीवर आणली. फळीची गरजच संपली. खालून उसाचे बुडखे लागू नयेत म्हणून तळाला पत्रा ठोकला आणि बळकटीसाठी लोखंडी पट्ट्यांची फुलीसारखी कैची मारली. भांडारात निळा रंग शिल्लक होता, म्हणून गाडी निळी झाली.

मजुरांनी तिचे नाव बुटकी ठेवले.

दसऱ्यानंतर पाथर्डीकडच्या टोळ्या आल्या आणि चाचणी झाली. टोळीचा मुकादम गोरक्षनाथ, पिळदार मिशांचा आणि बोलघेवडा, साटीवर हात आपटून म्हणाला, "भराया तर लई झ्याक हाय, मोमीनसायेब. पाय उचलायचा अन् मोळी टाकायची. आमच्या बाया आता तुमच्या नावानं नारळ फोडत्याल."

"नारळ नको," नबीलाल लाजून म्हणाले, "वापरा म्हणजे झाले."

बायांना त्या समारंभात कोणी काही विचारले नाही. उपसमितीच्या सदस्यांनी गाडीत बसून छायाचित्र काढून घेतले. उसाच्या गाडीची परीक्षा तिच्यात माणसे बसवून घेण्याची ही पद्धत कोणत्या शास्त्रात सांगितली आहे, हे त्या सदस्यांनाच ठाऊक.

गळीत हंगाम सुरू झाला, नव्या गाड्या उसाच्या फडात गेल्या, आणि दिवाळी होते न होते तोच पहिली बुटकी परत आली. ती आणणारा गाडीवान सहादेव म्हणून होता. उंच, सडपातळ, प्रश्न विचारला की आधी टोपी मागे सरकवणारा.

"का रे, परत का आणलीस?"

टोपी मागे गेली. "बैल बुजत्यात, सायेब."

"कशाला बुजतात?"

"निळ्या रंगाला."

"अरे, गाडी बैलाच्या मागे असते. त्याला तिचा रंग दिसतो कसा?"

सहादेवने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "जुपायच्या टायमाला दिसतो की."

नबीलालांनी गाड्या तांबड्या रंगवल्या. सहादेव गाडी घेऊन गेला आणि आठवड्याने पुन्हा तळावर हजर झाला.

"आता काय?"

"तांबड्याला तर लईच बुजत्यात, सायेब."

दुसरा एक गाडीवान म्हणाला, तळाचा पत्रा वाजतो, डोके उठते. नबीलालांनी पत्र्याला गोणपाट चिकटवले. तो पुन्हा आला. पत्रा आता वाजत नव्हता, हे त्याने मोकळ्या मनाने कबूल केले; पण आवाजच नसल्यामुळे गाडी हाकताना झोप लागते, ही त्याची नवी अडचण होती. तिसऱ्याने सांगितले की बैलांच्या मानेवर भार येतो. नबीलालांनी आस चार बोटे पुढे सरकवला. भार कमी झाला, असे तिसऱ्याने सांगितले आणि गाडी तळावर ठेवून तो जुनी गाडी घेऊन निघून गेला. जो कोणी जी तक्रार करी ती खरी मानून नबीलाल दुरुस्त करीत, दुरुस्तीची स्तुती होई, आणि स्तुतीपाठोपाठ गाडी परत येई. तक्रार चुकीची असती तर त्यांनी वाद घातला असता. दुरुस्ती चुकीची असती तर ती बदलली असती. येथे दोन्ही बरोबर दिसत होती आणि उत्तर तेवढे चुकत होते.

"मोमीनसायेब," गोरक्षनाथ एकदा वजनकाट्याच्या रांगेत सर्वांदेखत म्हणाला, "तुमची गाडी म्हंजी वरातीचं घोडं. समद्यांनी बघायचं, पन घरी कुनी न्यायचं न्हाई."

रांग हसली. नबीलालही हसले, कारण न हसण्याचे कारण त्यांना देता आले नसते.

त्याच सुमारास सरहद्दीवर लढाई जुंपली. ते सुटीला घरी गेले तेव्हा भिंगारात खिडक्यांना काळे कागद लागले होते आणि तिन्हीसांजेलाच सगळीकडे काळोख पाळला जात होता. झाकलेल्या दिव्याच्या ओंजळभर उजेडात नबीलाल ताटाशेजारी बोटाने काहीतरी रेखत बसले. त्यांची पत्नी बद्रुन्निसा भाकरी वाढता वाढता थांबली.

"अजी, फिर वही गाडी?"

"परत येते ती. कारण कळत नाही."

"लोक काय म्हणतात?"

"रोज नवीन काहीतरी. रंग, आवाज, बैलाची मान. सगळे करून दिले."

बद्रुन्निसाने कोपऱ्यातल्या जुन्या मागाकडे पाहिले. माग आता चालत नव्हता, पण तिरकी फळी जागच्या जागी होती आणि तिच्यावर घरातल्या रजया रचलेल्या होत्या. "अब्बांनी तुमची फळी परत तर केली नाही ना," ती म्हणाली. "तेवढी तरी या गाडीपेक्षा बरी."

तिला धीर द्यायचा होता की चिमटा काढायचा होता, याचा नबीलाल परतीच्या एस.टी.त बराच वेळ विचार करीत होते.

कारखान्यावर पोहोचताच मुख्य अभियंत्यांनी बोलावून घेतले. हे गृहस्थ परदेशी यंत्रांचे माहीतगार होते आणि बैलगाडी हा विषय आपल्या शिक्षणाला कमीपणा आणणारा आहे, असे त्यांचे एकंदर वागणे असे. "मोमीन, संक्रांतीनंतर मंडळाची सभा आहे," ते म्हणाले. "तोपर्यंत तुमच्या गाड्या तळावरच दिसल्या, तर सगळे लोखंड कापून भंगारात जाईल. पुढच्या हंगामासाठी जुन्याच घाटाच्या गाड्या बाहेरून घेऊ. तुम्ही आपली फाटके आणि खिडक्यांचे गज करा. त्यात परत येण्याचा प्रश्न नसतो."

म्हणजे बाया पुन्हा त्या फळीवर चढणार. नबीलालांच्या डोळ्यांपुढे फळी आली आणि मोळीसकट खाली येणारी ती बाई आली. गाडी गेली तर आपले नाव जाईल, याचे दुःख त्यांना होते; ते नाकारण्यात अर्थ नव्हता. परंतु ज्या एका कारणासाठी ती गाडी केली, ते कारणही तिच्याबरोबर भंगारात जाणार होते. आणि ती का नको आहे, एवढे सांगणारा एकही माणूस त्या कारखान्याच्या आवारात नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहादेवला गाठले, एक बुटकी एका दिवसापुरती नेण्याची गळ घातली आणि स्वतः तिच्यासोबत फडात गेले.

ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, वाहून नेते, कागदावर मात्र दोघांची गणती एक. सहादेव आणि त्याची बायको चांगुणा हा असाच एक कोयता. शेजारच्या सरीत भीमा आणि त्याची बायको भागूबाई हा दुसरा कोयता होता, आणि त्यांची गाडी जुन्या घाटाची होती. नबीलाल बांधावर बसले. साहेब पाहत आहे म्हणून सुरुवातीला सगळे जरा नीटनेटके वागले. थोड्याच वेळात ते त्यांना विसरले.

चांगुणा मोळ्या आणून बुटकीवर टाकत होती आणि ते काम खरोखर देखणे चालले होते. फळी नाही, चढण नाही. नबीलालांना पुन्हा वाटले की गाडीत काहीच दोष नाही. मात्र चांगुणा दर दोन-तीन मोळ्यांमागे काम सोडून बांधाकडे पळत होती. तेथे दोन काटक्यांवर गोणपाट ताणून सावली केली होती आणि तिच्याखाली पाचटावर एक तान्ही मुलगी निजवली होती. गोणपाटाची सावली सरकली की चांगुणा मुलीला सरकवी. मुंग्या लागल्या की झटकी. एकदा टोळीतले कुत्रे हुंगायला आले, तेव्हा ती हातातली मोळी टाकून ओरडत धावली. इकडे सहादेवने तोडलेल्या उसाचा ढीग साचत चालला होता आणि तो कोयता थांबवून उगीच धार पाहत उभा होता.

नबीलालांनी सहज भीमाच्या जुन्या गाडीकडे मान वळवली. ती जू टेकवून उभी होती, त्यामुळे तिचा मागचा भाग उचलला गेला होता. त्याखाली, दाट सावलीत, जुन्या लुगड्याची एक झोळी लोंबत होती आणि तीत मूल झोपले होते. भागूबाई मोळी घेऊन येई, जाता जाता पायाने झोळीला हलका झोका देई आणि न थांबता फळीवर चढे. झोळीचे दोर मागच्या आडव्या लाकडाला बांधले होते. दोन ठिकाणी. दोन खाचांत.

नबीलाल उठले, गाडीपाशी गेले आणि गुडघे टेकून खाली वाकले.

"काय हारवलं का, मोमीनसायेब?" गोरक्षनाथने लांबून विचारले.

नबीलालांनी एका खाचेवर बोट ठेवले, दुसरीवर ठेवले, मग मान वळवून आपल्या तांबड्या गाडीकडे पाहिले. तिच्या तळाला पत्रा होता, पत्र्याखाली कैची होती, आणि कैचीखाली मांजर जेमतेम बसू शकले असते.

"सहादेव!" ते उठून म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "ही तुझी पोर इतर वेळी कोठे झोपते?"

टोपी मागे गेली. "गाडीखाली. झोळीत."

"मग हे मला इतके दिवस सांगितले का नाहीस?"

"तुमी गाडीचं इचारलं हुतं, सायेब. पोरीचं कुटं इचारलं?"

पाठमोरी उभी असलेली चांगुणा नवऱ्याला, पण सगळ्या फडाला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "सांगा की त्यास्नी! रंगाचं म्या कवा म्हनलं हुतं? म्या म्हनलं, आदी झोळी कुटं टांगायची ते सांगा, मंग बुटकी आना. तर ह्यो बाबा बैलावर ढकलून मोकळा झाला."

"मग काय सांगायचं मानसानं?" सहादेव पुटपुटला.

गोरक्षनाथ जवळ आला आणि प्रथमच चेष्टा न करता बोलला. "सायेब, बायकू नगं म्हनती म्हनून गाडी परत आनली, असं कारकुनापुढं कोन सांगल? समदा कारखाना हसंल त्याला. अन् तिचं न ऐकावं, तर तिनं हात आखडला की आरदा कोयता बसला. मंग बैलाचं नाव पुढं करायचं. बैल काय उलटून बोलत न्हाई."

"सगळ्यांचे हेच कारण होते?"

"समद्यांचंच असंल. आमी बी आपसात कुटं बोलतो?"

फडातून परतताना नबीलालांना समाधान वाटायला हवे होते. कारण सापडले होते. परंतु जितके चालावे तितका गुंता वाढत होता. ज्या बाईसाठी त्यांनी साटी खाली आणली, तिचेच मूल त्यांनी उन्हात आणले होते. साटी वर नेली तर सावली मिळणार होती आणि फळी परत येणार होती. एकाच बाईच्या दोन गरजा एकमेकींच्या आड उभ्या होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. त्यांच्या तंत्रशाळेत अशा उदाहरणाला उत्तर नसे. असे उदाहरणच परीक्षेत विचारीत नसत. शिवाय एक गोष्ट त्यांच्या मनाला सारखी खात होती. झीज त्यांनी पाहिली होती. बोट ठेवून पाहिली होती. तरी ती कशाची, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते.

त्यांनी मधला मार्ग काढला, आणि मधला मार्ग कोणालाच पुरता आवडत नाही हे ठाऊक असूनही काढला. आस थोडा सरळ करून साटी हातभर वर घेतली. आता ती मांडीच्या वर येत होती. फळी लागणार नव्हती, पण मोळी टाकताना दंडाला जोर द्यावा लागणार होता. तळाचा पत्रा काढून टाकला, कैची पुढे सरकवली, आणि मागे खालच्या बाजूला एक नळी आडवी बसवली. दोर कापला जाऊ नये म्हणून ती कानशीने घासून अशी गुळगुळीत केली, की हात फिरवावासा वाटावा.

मुख्य अभियंत्यांनी नकाशावर बोट ठेवले. "ही नळी कशासाठी?"

"झोळी टांगायला."

"कसली झोळी?"

"तान्ह्या मुलांची. बाया मूल गाडीखाली टांगतात."

अभियंत्यांनी चष्मा काढला. "मोमीन, आपण साखर कारखाना चालवतो. संचालकांपुढे मी पाळण्याच्या खर्चाला मंजुरी मागू? बळकटीसाठी आडवी नळी, असे म्हणा."

"आणि साटी उंच का केली?"

"तीही बळकटीसाठी."

सभा झाली. बळकटीच्या प्रस्तावाला विरोध करायला कोणापाशी कारण नव्हते आणि झोळीबद्दल कोणी अवाक्षर उच्चारले नाही. एका संचालकाने तांबडा रंग बैलांना मानवत असल्याबद्दल समाधान व्यक्त केले, म्हणे. कापाकापी टळली. कर्मशाळेत एकेक गाडी वर उचलली गेली आणि होळीच्या आधीच टोळ्यांकडे रवाना झाली. नबीलाल रोज सकाळी तळावर येत आणि कुंपणाकडे पाहत. एक दिवस गेला, आठवडा गेला. कुंपणाशी कोणीही उभे नव्हते. रिकाम्या जागेकडे पाहून त्यांना जे वाटले त्याला आनंद म्हणावे, तर त्यात धाकधूक फार होती.

ती सहन होईना, तेव्हा ते एका दुपारी सहादेवच्या फडात जाऊन धडकले.

गाडी जू टेकवून उभी होती. तिच्याखाली सावली होती आणि सावलीत झोळीही होती. नबीलालांना आनंदाचे भरते आले आणि लगेच ओसरले. कारण झोळी त्यांच्या नळीला बांधलेलीच नव्हती. ती पुढे, आसाच्या खडबडीत पट्टीला आणि कैचीला अशी तिरकी बांधली होती. नळीवर मात्र गर्दी होती. मधोमध कंदील, एका बाजूला भाकरीचे गाठोडे, दुसऱ्या बाजूला पाण्याची कळशी, आणि तिच्यामागे वाळत घातलेले बाळाचे दुपटे. ऊस आवळण्यासाठी दिलेल्या त्या दोन कड्यांपैकी एकीला शेळी बांधलेली होती.

"नळीला का नाही बांधली झोळी?" त्यांनी विचारले.

चांगुणाने या वेळी पाठ फिरवली नाही. "सरकती, भाऊ. लई गुळगुळीत केलीया तुमी. झोका दिला की दोर पळतो कडंला, अन् पोरगी तिरकी हुती."

"अरे रे! मग दोन खाचा पाडून देतो. उद्याच पाठवून द्या गाडी."

"नगं, नगं!" ती घाईने म्हणाली. "खाचा पाडल्या तर कंदील अडकून बसंल. आता कसा पायजे तिकडं सरकिवता येतो."

"मग झोळी?"

"झोळीचं झालं की. आसाला बरी ऱ्हाती." मोळी डोक्यावर घेताना ती थांबली. "पन एक इचारू का, भाऊ?"

"विचारा."

"पयली बुटकी भराया लई सोपी हुती. ती का वो बदलली?"

नबीलालांनी तोंड उघडले. झोळीतली मुलगी हलली आणि कुरकुरली. चांगुणाने जाता जाता पायाने झोका दिला, मोळी साटीवर टाकली आणि ती पुढच्या मोळीकडे वळली. उत्तरासाठी ती थांबलीच नव्हती. सहादेव टोपी मागे सरकवून हसत होता. परत नेऊ का गाडी, असे नबीलालांनी त्याला अर्धवट विचारले, तेव्हा तो दचकला.

"गाडी? न्हाई हां, सायेब. गाडी आता आमी न्हाई देनार. बायकू मला हाकलून दील."

त्या सुटीला ते भिंगारला गेले. लढाई केव्हाच संपली होती, खिडक्यांवरचे काळे कागद निघाले होते आणि ओट्यावर ऊन आले होते. बद्रुन्निसाने चहाची बशी पुढे केली.

"गाडी परत आली का?"

"नाही आली."

"मग? तोंड का उतरलंय?"

नबीलालांनी चहाचा घोट घेतला. कोपऱ्यातल्या फळीवर रजयांच्या जोडीला आता मुलांची दप्तरे आली होती.

"आधी परत का येत होती, ते कळत नव्हते," ते म्हणाले. "आता का येत नाही, ते कळत नाही."